एमएच २२ ची गाडी आंबा घाटात

पोरी, अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीची बदली तुला मानवली हे वाचून बरं वाटलं. पण "इथल्या लोकांना गाडी चालवताच येत नाही, उगाच हॉर्न मारत सुटतात" हे तुझं वाक्य मनाला लागलं. गाडीवरचं एमएच २२ बघून तिकडचे लोकही घरी गेल्यावर परभणीच्या ड्रायव्हरबद्दल हेच बोलत असतील.

लायसन्स देशभर चालतं, पण ते काढताना आरटीओच्या मैदानावर कुणी आपल्याला घाट उतरून दाखवायला सांगत नाही. शिकाऊ लायसन्स निघालं की तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. तेवढ्यात माणसाचा हात बसतो तो आपल्या गावच्या रस्त्यावर. म्हणून परक्या भागात गेलं की आपण पुन्हा शिकाऊ आहोत असं धरून चालायचं. मी सगळ्यांना हेच सांगत आलोय आणि तुला तर आग्रहाने सांगतो.

त्या हॉर्नचंच घे. पुण्यात सिग्नलला उभ्या गाडीमागे हॉर्न वाजवणं हा उद्धटपणाच. आंबा घाटात मात्र समोरचं वळण कड्याआड असतं. तिथे वळणाआधी एकदा हॉर्न दिला की पलीकडच्याला कळतं, गाडी येतेय. ते लोक तुला हटकत नव्हते. तूही देत जा.

दुसरी गोष्ट उताराची, आणि ही जिवावरची आहे. आपल्याकडे गाडी सपाटीवर चालते, त्यामुळे उतार दिसला की डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकायची सवय पुष्कळांना असते. घाटात ते कधीही करायचं नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढली असतीस, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे गाडीला इंजिनच धरून ठेवतं. ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत राहिलीस तर लायनिंग तापतं, करपल्यासारखा वास येतो आणि पुढे पुढे ब्रेक दाबूनही गाडी आवरत नाही. तो वास आला की जागा बघून गाडी कडेला घे आणि निवांत थांब. चाकांवर पाणी ओतू नकोस.

अरुंद जागी समोरासमोर आलात तर चढणीच्या गाडीला आधी वाट द्यायची. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलंय, पण सपाटीवरच्या ड्रायव्हरला हे ठाऊकच नसतं, कारण त्याच्यावर कधी ती वेळच येत नाही. चिऱ्याने भरलेला ट्रक चढावर थांबला तर पुन्हा उचलताना त्याचा क्लच जळतो, नाहीतर गाडी मागे सरते. तो लाइट मारतो ते "मी येतोय, तू थांब" म्हणून. त्यात चिडण्यासारखं काही नाही.

आता आपल्या बाजूचं सांगतो, कारण तूही काही कोरी पाटी घेऊन गेलेली नाहीस. गळीत हंगामात गंगाखेडच्या रस्त्याला संध्याकाळी गाडी कशी चालवायची हे तुला कुणी शिकवावं लागलं नाही. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीने बुजलेला, उसाची टोकं दोन्ही अंगांनी बाहेर. समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर आला की त्या काळोखात ट्रॉली असणारच, असं समजून तू आपोआप वेग कमी करतेस. घाटात पटाईत असलेला रत्नागिरीचा ड्रायव्हर त्या सरळ रस्त्यावर फसतो. पाऊस पडून गेल्यावर शेतातून आलेल्या टायरांनी डांबरावर काळ्या मातीचा जो राडा होतो, त्यावरून गाडी कशी घसरते हेही त्याला माहीत नसतं. तुझ्या ऑफिसातलं कुणी आपल्या परभणीकडे निघालं तर हे त्याला जरूर सांग.

मात्र त्या भागाची जाण आणि त्या भागाची खोड यांत फरक आहे. धुक्यात तिकडे घाटात बरेचजण चारही इंडिकेटर लावून गाडी हाकतात. तू लावू नकोस, वळायची वेळ आली की मागच्याला काहीच कळत नाही. धुक्यात लो बीम ठेव, वेग कमी कर. पुढचा ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो तेव्हा "जा पुढे" म्हणत असेल किंवा खरंच उजवीकडे वळत असेल. पुढचा रस्ता आपल्या डोळ्यांना मोकळा दिसल्याशिवाय ओव्हरटेक करायचा नाही, हे सगळ्या जिल्ह्यांत सारखंच. आपल्याकडची खोड तर तुझ्या घरातच आहे: धाकटा अजून अठराचा नाही आणि मोटारसायकल फिरवतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड आहे. दंडाचं सोड, पोराच्या जिवाची काळजी वाटते. बाबांशी तूच बोल, तुझं ते ऐकतात.

सुट्टीत घरी येताना समृद्धीवरून यायचं झालं तर एवढंच लक्षात ठेव: तिथे वळणं नाहीत, अडथळे नाहीत, त्यामुळेच डोळा लागतो. सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ ला बसच्या अपघातात पंचवीस माणसं गेली, तीही मध्यरात्रीनंतरच. रात्री निघू नकोस. टायरची हवा आधी बघून घे.

आणि येत्या रविवारी गाडी घरीच ठेव. एसटीने साखरप्याहून घाट चढून मलकापूरला जा आणि तशीच परत ये. पुढची जागा धर. ड्रायव्हरचा डावा हात गिअरवर कधी जातो, वळणाच्या किती आधी वेग उतरतो, समोरून चढणारी गाडी दिसली की तो कुठे थांबतो, ते नीट बघ. पाऊस लागायच्या आत हे उरकून घे.

तुझा,
काका