आखाजीचा निर्णय आणि दिवाळीची बातमी

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे. नोकरीनिमित्त जळगावला राहते. घर रावेर तालुक्यात असून घरी केळीची शेती आहे. महाविद्यालयात ओळख झालेल्या एका मुलाशी माझे चार वर्षे नाते होते. आमच्या जाती वेगळ्या आहेत. मी माझ्या घरी दुसऱ्याच वर्षी सांगितले आणि बऱ्याच रडारडीनंतर आईवडील तयार झाले. तो मात्र घरी सांगणे पुढे ढकलत राहिला : आधी नोकरी कायम होऊ दे, मग बहिणीचे लग्न होऊ दे, मग वडिलांची तब्येत सुधारू दे. शेवटी गेल्या आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत सांग, नाहीतर मी थांबणार नाही, असे मी त्याला स्पष्ट बजावले. आखाजी गेली, त्याने सांगितले नाही. त्याच रात्री दोन ओळींचा निरोप पाठवून मी नाते संपवले आणि त्याचा नंबर ब्लॉक केला. आता एका मैत्रिणीकडून कळले, की दिवाळीत त्याने घरी माझ्याविषयी सांगितले आणि घरच्यांनी एकदम नकारही दिला नाही. मला मात्र त्याने अद्याप कोणाकरवी काहीही कळवलेले नाही. मावशी म्हणते, ‘घाई केलीस, पोरी.’ आणखी सहा महिने थांबले असते तर, हा विचार डोक्यातून जात नाही, रात्री झोप लागत नाही. आता साधी साडी घेतली तरी दुसऱ्या दिवशी बदलायला दुकानात जाते. स्वतःच्या निर्णयावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

उत्तर : ‘घाई’ हा शब्द मावशींचा आहे. तुमच्या पत्रातला हिशेब वेगळे सांगतो. स्वतःच्या घरचा विरोध अंगावर घेतल्यानंतरही तुम्ही दोन वर्षे थांबलात, तीन वेगवेगळी कारणे ऐकून घेतलीत आणि मग आधी सांगून, ठरावीक दिवसाची मुदत दिलीत. दिवसही आखाजीचा निवडलात. आपल्याकडे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल याच दिवशी संपते, जुना हिशेब पुरा होतो आणि पुढे राहायचे की नाही ते ठरते. त्यामुळे त्या दिवसाचा अर्थ त्याला कळला नसेल, असे मला वाटत नाही.

तुमच्या घरी केळी आहे, म्हणून तिथलेच उदाहरण घेते. मे महिन्याच्या अखेरीस आभाळ भरून येते, वारा सुटेल अशी लक्षणे दिसतात, आणि तयार घड बागेत ठेवावेत की मिळेल त्या भावाने कापणी करून मोकळे व्हावे, हे शेतकऱ्याला त्याच दिवशी ठरवावे लागते. समजा त्याने कापणी केली, वारा आलाच नाही आणि पंधरा दिवसांत भाव चढला. पारावरचे लोक त्याला घाई केलीस म्हणतील. पण ज्याने आडवी झालेली बाग एकदा पाहिली आहे, तो असे म्हणणार नाही, कारण कापणीच्या दिवशी शेतकऱ्यापुढे भरून आलेले आभाळ होते, पंधरा दिवसांनंतरचा भाव नव्हता. नुकसान झाले हे खरे, त्याची हळहळही खरी. तरीही त्यावरून निर्णय चुकला असे ठरत नाही.

पुढे काय झाले हे एकदा कळले, की ते आपल्याला आधीच दिसायला हवे होते असे वाटू लागते, ही मनाची जुनी खोड आहे. बारुख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिचा नेमका माग काढला होता. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर जाण्यापूर्वी, कोणती घटना घडण्याची शक्यता किती, असे त्यांनी काही लोकांना विचारून ठेवले. दौरे आटोपल्यावर त्याच लोकांना स्वतःचे जुने अंदाज आठवायला सांगितले, तेव्हा ज्या गोष्टी घडल्या असे त्यांना वाटत होते, त्यांना आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, अशी त्यांची आठवण झाली होती. त्यांतले कोणी खोटे बोलत नव्हते. नव्या माहितीने जुनी आठवण नकळत बदलली होती. दिवाळीची बातमी ऐकल्यापासून तुमच्या आठवणीतला आखाजीपूर्वीचा तो मुलगाही असाच, आता सांगणारच होता, असा दिसू लागला असेल.

खरे तर तुमच्या ‘सहा महिने थांबले असते तर’ या वाक्यातच एक चूक आहे. तुम्ही थांबला असतात, तरी दिवाळीत त्याने सांगितलेच असते, असे तुम्ही गृहीत धरता. तुम्ही निघून गेलात म्हणूनच त्याला तोंड उघडावे लागले असेल, ही शक्यता तितकीच मोठी आहे, किंबहुना मागील दोन वर्षे पाहता मला ती अधिक मोठी वाटते. तसे असेल तर तुमच्या थांबण्यातून ती दिवाळी आलीच नसती, चौथे कारण आले असते. यांपैकी काय घडले असते, हे तुम्हाला, मला किंवा मावशींना कधीच कळणार नाही. ज्याचे उत्तर मिळू शकत नाही असा प्रश्न रोज रात्री नव्याने सोडवायला बसल्यावर झोप कशी लागणार?

एक काम करून पाहा. आखाजीच्या दिवशी तुम्हाला काय काय माहीत होते, तेवढेच एका कागदावर लिहा. नंतर कळलेली एकही गोष्ट त्यात येऊ देऊ नका. त्या काळातले संदेश शिल्लक असतील तर तारखा त्यांवरून घ्या, आठवणीवरून नको, कारण कालांतराने कटू प्रसंगांची धार गोड प्रसंगांपेक्षा लवकर बोथट होते आणि मग शिल्लक आठवणींत तो जरा जास्तच चांगला दिसतो. तो कागद हा त्या दिवशी तिथे हजर असलेल्या साक्षीदाराचा जबाब आहे. तुम्ही आज त्या जागी नाही, त्या दिवशीची ‘तुम्ही’ होती. तिचे ऐका.

निर्णयावर विश्वास ठेवणे म्हणजे त्यातले सगळेच योग्य होते असे मानणे, असा मात्र अर्थ घेऊ नका. चार वर्षांचे नाते दोन ओळींत संपवून लगेच ब्लॉक करणे मला पटले नाही, आणि तुम्हालाही ते बोचत असावे, नाहीतर पत्रात तो तपशील आला नसता. पण ही चूक पद्धतीची आहे. तिची बोच मूळ निर्णयाच्या माथी मारल्यामुळेच तो आज इतका डळमळीत वाटतो, असा माझा कयास आहे.

साडीचे म्हणाल, तर महिनाभर दुकानात परत जायचे नाही, एवढेच ठरवा. रंग आवडला नाही तरी नेसा. झोप मात्र हलक्यात घेऊ नका. आणखी दोन आठवडे अशीच गेली, तर डॉक्टरांना भेटा, किंवा शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. ती विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते.

राहिला तो. त्याने संपर्क साधला, तर तो नवा प्रश्न असेल, आणि त्याचे उत्तर नव्या माहितीवर द्यायचे असेल : घरी नेमके काय सांगितले, घरचे काय म्हणाले, आणि दिवाळीपासून आजवर मला का कळवले नाही. त्याला होकार दिलात म्हणून आखाजीचा निर्णय चुकीचा ठरत नाही, आणि तो बरोबर होता म्हणून आता नकारच द्यायला हवा असेही नाही. बोलण्यात त्या रात्रीचा विषय निघालाच, तर निरोप ज्या पद्धतीने दिलात त्याबद्दल माफी जरूर मागा. निरोपाच्या मजकुराबद्दल मागू नका.