वाचक विचारतात : मेडल मिळालं, पुढे घरच्यांचं काय झालं?

मागच्या अंकात आपण ऑडी मर्फीवर एक छोटी चौकट छापली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा सगळ्यात जास्त शौर्यपदकं मिळालेल्या सैनिकांपैकी एक, नंतर हॉलिवूडचा हिरो, एवढंच त्यात होतं. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. गंमत म्हणजे लढाईबद्दल फार थोड्यांनी विचारलं, बहुतेकांना त्याच्या घराबद्दल जाणून घ्यायचं होतं, आणि मला ते फार आवडलं.

प्रश्न : ऑडी मर्फी वय खोटं सांगून भरती झाला असं तुम्ही लिहिलंत. मरायला जायची एवढी कसली घाई होती? आणि १९ वर्षांच्या पोराने एकट्याने जर्मन तुकडी अडवली हे खरं आहे की सिनेमावाल्यांनी वाढवलंय? – एक वाचक, मिरज

घाई पोटाची होती हो. टेक्सासमध्ये हंट काउंटी म्हणून भाग आहे, तिथे किंग्स्टनजवळ १९२५ साली त्याचा जन्म, १२ भावंडांतला सातवा. घरची जमीन नाही, दुसऱ्याच्या शेतात वाट्याने कापूस करायचा, आणि वडील असे की मधूनच घर सोडून जायचे, परत यायचे, शेवटी एकदा गेले ते आलेच नाहीत. पोराने पाचवीत शाळा सोडली आणि दिवसाला १ डॉलरवर कापूस वेचायला लागला. बंदूक घेऊन ससे मारून आणायचा, घरात तेच शिजायचं. काडतुसं विकत घ्यायची म्हणजे नेम चुकवून कसं चालेल, त्यामुळे त्याचा तो पुढे प्रसिद्ध झालेला नेम सैन्यात जायच्या आधीच तयार होता.

मे १९४१ मध्ये आई गेली. हा १६ चा पण झाला नव्हता. तीन धाकटी भावंडं अनाथाश्रमात ठेवावी लागली, आणि मला वाटतं त्याची सगळी गोष्ट इथूनच सुरू होते. डिसेंबरमध्ये जपानने पर्ल हार्बर या अमेरिकन नौदलाच्या तळावर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली. हा लगेच भरतीला गेला तर वय कमी म्हणून परत पाठवला. मग थोरल्या बहिणीने, कॉरिनने, त्याचं वय वाढवून कागद करून दिला आणि जून १९४२ मध्ये तो आर्मीत लागला. त्याआधी मरीन्सनी आणि पॅराट्रूपर्सनी नको म्हटलं होतं, कारण वजन जेमतेम ५१ किलो आणि उंची साडेपाच फुटांच्या आत. सख्ख्या बहिणीने भावाला लढाईवर पाठवायला खोटा कागद करून द्यावा म्हणजे घरात काय परिस्थिती असेल विचार करा.

आता लढाईचं. २६ जानेवारी १९४५, फ्रान्समध्ये अल्सास भागातलं होल्ट्झव्हीर गाव, बर्फ पडलेला. सहा जर्मन रणगाडे आणि त्यांच्यामागे पायदळ येत होतं. त्याने आपल्या माणसांना मागे जंगलात पाठवलं आणि स्वतः टेलिफोनवरून आपल्या तोफखान्याला कुठे मारायचं ते सांगत राहिला, मग शेजारी पेटलेल्या रणगाडाविरोधी गाडीवर चढून तिची मशीनगन चालवली. ती गाडी कधीही उडाली असती. पायाला जखम झाली तरी साधारण तासभर तो तिथे होता. याबद्दल त्याला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सगळ्यात मोठं शौर्यपदक मिळालं, आणि हे सगळं त्याच्या अधिकृत मानपत्रात लिहिलंय. तेव्हा वाढवलंय का म्हणाल तर उलट आहे, १९५५ च्या 'टू हेल अँड बॅक' सिनेमात त्याने स्वतःचीच भूमिका केली, पण त्यात ना तो बर्फ आहे ना ती हाडं गोठवणारी थंडी, खरा प्रसंग पडद्यापेक्षा कठीण होता.

आणि या एका दिवसाच्या मागे सिसिली, इटलीतलं अँझिओ, दक्षिण फ्रान्स असं दीड वर्ष आहे, परत परत होणारा मलेरिया आहे, तीनदा झालेल्या जखमा आहेत. ऑगस्ट १९४४ मध्ये त्याचा सगळ्यात जवळचा मित्र लॅटी टिप्टन त्याच्या डोळ्यांदेखत मारला गेला, जर्मनांनी शरण येतोय असं दाखवलं, टिप्टन उभा राहिला आणि गोळी लागली. पुढे त्याचं जे झालं ते समजायचं तर होल्ट्झव्हीरपेक्षा हा दिवस जास्त लक्षात ठेवावा असं माझं मत आहे.

प्रश्न : भावंडं अनाथाश्रमात होती त्यांचं काय झालं? आणला का त्याने त्यांना परत? – एक वाचक, परभणी

आणलं. जुलै १९४५ मध्ये 'लाइफ' मासिकाच्या कव्हरवर त्याचा फोटो आला, तो बघून जेम्स कॅग्नी या तेव्हाच्या मोठ्या नटाने त्याला हॉलिवूडला बोलावलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण गावी परतल्यावर त्याने आधी काय केलं तर फार्मर्सव्हिलमध्ये घर घेतलं, कॉरिन, तिचा नवरा आणि त्यांच्या तीन मुलांसाठी, आणि तिथेच अनाथाश्रमातली तिन्ही भावंडंही राहतील, परत एक घर होईल असं ठरवलं.

ते जमलं नाही मात्र. एका छपराखाली सहा पोरं, बहिणीला आणि मेव्हण्याला झेपेना, आणि शेवटी ऑडीला भावंडांची सोय दुसरीकडे करावी लागली. यात मला कोणाचीच चूक दिसत नाही. वीस वर्षांचा पोरगा लढाईवरून येऊन मोडलेलं घर एका वर्षात कसं उभं करणार, पण करायला गेला, पहिले पैसे त्यातच घातले.

प्रश्न : माझे मिस्टर फौजेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली. रात्री दचकून उठतात, आवाज सहन होत नाही, बोलत काहीच नाहीत. तुमची चौकट वाचून मनात आलं, या मर्फीला असं काही व्हायचं का? आणि त्याच्या बायकोने कसं काढलं सगळं? – एक वाचक, सातारा जिल्हा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. हो, व्हायचं. वर्षानुवर्षं व्हायचं. भयंकर स्वप्नं पडायची, झोप यायची नाही, उशीखाली भरलेलं पिस्तूल ठेवून झोपायचा. पहिलं लग्न १९४९ मध्ये वांडा हेंड्रिक्स या नटीशी झालं, ते दोन वर्षंसुद्धा धड टिकलं नाही, आणि त्याने एकदा तिच्यावर पिस्तूल रोखलं होतं असं तिने पुढे सांगितलं. हिरो होता म्हणून हे झाकायचं असं मला वाटत नाही. तिने ते घर सोडलं हे योग्यच केलं.

१९५१ मध्ये त्याने पामेला आर्चरशी लग्न केलं, ती विमान कंपनीत होस्टेस होती. दोन मुलगे झाले, टेरी १९५२ मध्ये आणि जेम्स १९५४ मध्ये. बाहेरून सगळं झकास होतं, ४० च्या वर सिनेमे, बहुतेक घोडे-पिस्तूलवाले वेस्टर्न. आत मात्र झोपेच्या गोळ्यांचं व्यसन लागलं. ते लक्षात आल्यावर तो एका हॉटेलच्या खोलीत आठवडाभर स्वतःला कोंडून राहिला आणि गोळ्या सोडल्या. (हे कोणी करून बघू नका, अशा गोळ्या एकदम बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं, डॉक्टरांच्या देखरेखीतच सोडायच्या असतात.) जुगाराचा नाद होता, पैसा गेला, कर्ज झालं. पण गरज असताना पण त्याने दारू-सिगरेटच्या जाहिराती घेतल्या नाहीत, पोरं बघतात म्हणून. आणि त्याचं सगळ्यात मोठं काम माझ्या मते हे की त्या काळात, जेव्हा सैनिकाने असलं काही बोलणं म्हणजे भित्रेपणा समजायचे, तेव्हा तो उघडपणे म्हणाला की मला हा त्रास आहे, आणि कोरिया आणि व्हिएतनामवरून येणाऱ्या पोरांच्या मनावर काय झालंय ते सरकारने बघावं, त्यांच्या उपचारांची सोय करावी. मेडल ऑफ ऑनरवाला माणूस बोलतोय म्हटल्यावर त्याला भित्रा कोण म्हणणार!

२८ मे १९७१ ला व्हर्जिनियात डोंगरावर त्याचं छोटं विमान पडलं आणि तो गेला, ४५ वर्षांचा होता. आता पामेलाबद्दल सांगते, कारण तुम्ही विचारलंत बायकोने कसं काढलं. नवरा गेला, दोन मुलगे १९ आणि १७ चे, मागे कर्ज. तिने मोठं घर सोडलं, छोट्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेली आणि लॉस एंजेलिसमधल्या सेपुल्वेडा इथल्या माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये क्लार्क म्हणून लागली. ३५ वर्षं तिथे काम केलं. हातात क्लिपबोर्ड घेऊन कॉरिडॉरमधून फिरायची, कोण किती वेळ बसलंय, कोणाला स्पेशालिस्ट भेटला नाही ते बघायची आणि त्याला घेऊन सरळ डॉक्टरच्या दारात जायची. प्रत्येक म्हाताऱ्या सैनिकाला मिस्टर लावूनच हाक मारायची. खूप जणांना तर माहीतच नव्हतं की ही ऑडी मर्फीची बायको. ऐंशी उलटल्यावर सुद्धा ती कामावर होती, आणि एप्रिल २०१० मध्ये ९० व्या वर्षी गेली.

नवऱ्याच्या नावाने सॅन अँटोनियोत मोठं हॉस्पिटल आहे, पुतळे आहेत, टपाल तिकीट निघालं. पामेलाच्या ३५ वर्षांना मेडल नाही. मी या दोघांची गोष्ट सांगताना तिचं नाव आधी घेते.

आता तुमचं, ताई. तुमच्या मिस्टरांना जे होतंय ते आजार म्हणून बघा, स्वभाव म्हणून नको, आणि यावर उपचार आहेत, चांगला गुण येतो. माजी सैनिकांना ईसीएचएस या त्यांच्या सरकारी आरोग्य योजनेतून मानसोपचार तज्ज्ञाकडे जाता येतं, जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये चौकशी करा. ते जायला तयार नसतील तर निदान तुम्ही १४४१६ वर फोन लावा, टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि घरातल्या माणसाने फोन केला तरी चालतो. घरात हत्यार असेल, लायसन्सचं असलं तरी, ते सध्या दुसरीकडे सुरक्षित ठेवायची व्यवस्था करा. आणि कधी तुम्हाला त्यांची भीती वाटली तर आधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित जागी जा, बाकीचं नंतर.

प्रश्न : नवरा लढाईवर असताना अमेरिकन बायकांना पैसे किती मिळायचे? – एक वाचक, नागपूर

१९४२ च्या जूनमध्ये साध्या शिपायाचा पगार महिना ५० डॉलर झाला. त्याच वर्षी कायदा आला, त्यात शिपायाच्या पगारातून २२ डॉलर कापायचे, सरकारने २८ घालायचे आणि बायकोला ५० चा चेक पाठवायचा. मूल असलं तर वर थोडे. विमा जास्तीत जास्त १०,००० डॉलरचा. पुरायचं का तर ओढाताणच व्हायची, त्यामुळे लाखो बायका कारखान्यांत कामाला लागल्या, विमानं आणि जहाजं बांधणाऱ्या. पण त्यातली एक गोष्ट मला पटते, चेक थेट बायकोच्या नावाने यायचा, सासूसासऱ्यांकडे हात पसरावा लागायचा नाही.

प्रश्न : एका घरातली पाच मुलं एकाच जहाजावर गेली असं ऐकलंय, खरं का? त्यामुळेच एका मुलाला घरी पाठवायचा नियम झाला ना? – एक विद्यार्थी, लातूर

खरं आहे. सलिव्हन कुटुंब, आयोवा राज्यातलं वॉटर्लू गाव. जॉर्ज, फ्रँक, जो, मॅट आणि अल. आम्हाला एकत्रच ठेवा अशी त्यांचीच अट होती आणि नौदलाने ती मान्य केली. १३ नोव्हेंबर १९४२ ला पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटाजवळ जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने त्यांची 'जूनो' ही युद्धनौका बुडाली, जवळपास ७०० माणसं होती त्यातली फक्त १० शेवटी वाचली.

घरी आठवड्यांमागून आठवडे मुलांची पत्रंच नाहीत. जानेवारी १९४३ मध्ये सकाळी नौदलाची माणसं दारात आली. वडील टॉम रेल्वेत होते, ड्यूटीवर निघाले होते. त्यांनी विचारलं कोणता, तर उत्तर आलं, पाचही. धाकटा अल लग्न झालेला, त्याची बायको आणि लहान मुलगा मागे राहिले. आणि एवढं होऊन हे आईवडील देशभर कारखान्यांमधून फिरले, कामगारांपुढे बोलले, युद्धाचे बाँड (युद्धाच्या खर्चासाठी सरकारने काढलेले कर्जरोखे) घ्या म्हणून सांगितलं. सरकारने त्यांच्या दुःखाचा प्रचारासाठी उपयोग करून घेतला असंही म्हणता येईल आणि मला तसं थोडं वाटतंसुद्धा, पण ते दोघं स्वतःच्या मनाने उभे राहिले हेही तितकंच खरं. पुढे एका जहाजाला 'द सलिव्हन्स' नाव दिलं, ते पाण्यात सोडलं आईनेच. 'जूनो'चा सांगाडा २०१८ मध्ये समुद्राच्या तळाशी सापडला.

नियमाचं म्हणशील तर लोक समजतात तसं लगेच काही झालं नाही. घरातला एकच मुलगा उरला तर त्याला सूट, हे कायद्यात १९४८ मध्ये आलं, आणि ते एकट्या सलिव्हनांमुळे नाही, बऱ्याच घरांनी दोन-दोन, तीन-तीन मुलं गमावली होती.

प्रश्न : अमेरिकनांचं एवढं छापता, इटलीत आपले मराठे पण लढले होते ना? माझ्या पणजोबांचा भाऊ तिकडून आलाच नाही. – एक वाचक, माणगाव, रायगड

लढले, काका, आणि तुम्ही तर माणगावचे! तुमच्याच तालुक्यातले यशवंत घाडगे (हुद्दा नाईक), पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ते ठाणं घेतलं आणि तिथेच पडले. २२ वर्षांचे होते. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक मिळालं, मरणोत्तर. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनाही एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवरच्या लढाईसाठी तोच क्रॉस मिळाला, ते जिवंत परत आले. ऑडी मर्फी इटली सोडून फ्रान्सला गेला तो ऑगस्ट १९४४ मध्ये, म्हणजे काही काळ तो आणि आपले मराठे एकाच देशात लढत होते.

तुमच्या पणजोबांच्या भावासाठी असं करा, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणून युद्धात गेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था आहे, तिच्या वेबसाइटवर नाव टाकून शोधता येतं, फुकट आहे. नावाचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हाच्या कारकुनाने कसंही लिहिलेलं असतं म्हणून तीन-चार प्रकारे टाकून बघा, आडनावासारखं वडिलांचं नाव लावलेलंही असू शकतं. घरात पेन्शनचा जुना कागद किंवा पदक असेल तर त्यावर नंबर असतो, तो असला की काम सोपं. पदकाच्या कडेवर किंवा मागच्या बाजूला बघा, नंबर आणि नाव बऱ्याचदा तिथे कोरलेलं असतं. सापडलं तर कळवा, आणि नाही सापडलं तरी नंबर पाठवा, आम्ही इथून शोधून बघतो.