टिपणं पेवात पुरू नकोस

सांगली

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पीएचडी चालू असताना ब्लॉग लिहिला तर विभागातले लोक हसतील का, असं विचारलंस. काही हसतील. बढतीचे गुण मोजताना ब्लॉगला शोधनिबंधाचा मान नाही, आणि तो असावा असं मलाही वाटत नाही. निबंध समीक्षकांच्या हाताखालून जातो, ब्लॉग म्हणजे कच्चं टिपण. पण कच्चं टिपण चारचौघांत मांडणं आपल्याला नवं नाही. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, तिथल्या सभांत लहान लहान टिपणं वाचली जात आणि पुढे छापलीही जात.

गणितवाले २००९ मध्ये याच्याही पुढे गेले. केंब्रिजच्या टिमोथी गॉवर्स यांनी एका ज्ञात प्रमेयाची सोपी सिद्धता सगळ्यांनी मिळून शोधू या, असं ब्लॉगवर जाहीर केलं. अर्धवट सुचलेलंही लिहायची मुभा होती. काही आठवड्यांत सिद्धता सापडली आणि निबंध ‘पॉलिमॅथ’ या सामूहिक टोपणनावाने निघाला. (पहिलं नाव कुणाचं, हा वाद आपल्या विभागात इतक्या सहज मिटला असता का? असो.)

तुझा विषय आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं. त्यातले खरे जाणकार जर्नल वाचत नाहीत. पेवात उतरलेले हमाल, अडत्याकडचे दिवाणजी, २००५ च्या महापुरात पेव गेलेली घरं, ही माणसं फोनवर मराठीतली दोन पानं नक्की वाचतील. पेव उघडल्या उघडल्या आत का उतरत नाहीत, हे तू पुस्तकावरून लिहिशील. ‘बाई, एवढंच कारण नाही’ असं सांगणारा मात्र तुझ्या मार्गदर्शकांच्या केबिनमध्ये भेटायचा नाही. म्हणून मराठीत लिही, एका वेळी एकच मुद्दा घे आणि जिथे अडलीस तिथे सरळ अडलेय म्हण.

मुलाखत देणाऱ्यांची नावं आणि व्यवहाराचे आकडे त्यांना विचारल्याशिवाय टाकू नकोस. मार्गदर्शकांना आधी दाखव. आणि ब्लॉगवरचे परिच्छेद जसेच्या तसे प्रबंधात उचलू नकोस. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे आहे. आणि दोन्हीकडची लेखिका एकच, हे साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही.

पहिलं टिपण पेवाच्या बांधणीवर कर, मोजमापं तुझ्याकडे आहेतच. टाकण्याआधी मला पाठव. तपशील मी बघतो, शुद्धलेखन तुझं तू बघ.

तुझा,
सर