सर्व्हिसिंगमध्ये नक्की काय करायचं, काय सोडायचं

अरे पहिली गोष्ट, गाडीसोबत आलेलं मॅन्युअल डॅशबोर्डच्या खणातून बाहेर काढ आणि त्यातलं मेंटेनन्सचं पान नीट वाच, कारण काउंटरवरचा माणूस जी यादी पुढे करतो ती आणि मॅन्युअलमधली यादी बऱ्याचदा वेगळी असते. माझ्या पहिल्या गाडीला मी प्रत्येक वेळी इंजिन फ्लश (म्हणजे केमिकल घालून इंजिन आतून धुणं) करून घ्यायचो, नंतर बघितलं तर मॅन्युअलमध्ये त्याचं नावसुद्धा नव्हतं!

इंजिन ऑइल बदलणं मात्र टाळू नकोस. मॅन्युअलमध्ये दिलेले किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल तेव्हा बदल. गाडी कमी चालते म्हणून ऑइल चांगलं राहतं असं नाही, उलट रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर इंजिन पुरतं तापतच नाही आणि आतला ओलावा ऑइलमध्येच राहतो. ब्रेक फ्लुइडचंही तसंच, ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून बहुतेक गाड्यांना साधारण 2 वर्षांनी बदलायला सांगतात आणि लोक नेमकं हेच विसरतात.

एअर फिल्टर स्वतः उघडून बघ, बहुतेक गाड्यांत दोन-चार क्लिपा असतात बस. टायरची हवा गाडी थंड असताना चेक कर, आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरू नकोस.

आणि हो, इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह (झडपा) यांची हालचाल जुळवून ठेवायला टायमिंग बेल्ट (पट्टा) आहे की चेन ते आधी शोध. बेल्ट असेल तर तो बदलायची मुदत चुकवू नकोस, तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि मग खर्च विचारू नकोस.