परदेशातली युवकसेवा संपत आलीय, मुलांना कधी सांगू आणि उरलेले महिने कसे काढू?

तुम्ही लिहिलंय की युगांडात, कंपालामध्ये चर्चच्या तरुणांसोबत दोन वर्षं काम केलं, आता तीन महिने उरलेत, मुलांना अजून सांगितलेलं नाही कारण सांगितलं की सगळं विस्कटेल, आणि मन धड तिथे नाही धड घरी नाही. मी केनियात नैरोबीला होते, सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२४, मथारे नावाच्या झोपडपट्टीच्या बाजूला एका छोट्या चर्चमध्ये, तरुण संघाचं काम. मूळची कुर्ल्याची. माझ्या हातून जे बरोबर झालं आणि जे चुकलं ते दोन्ही सांगते, थोडं लांबेल.

मुलांना कधी सांगायचं, तर आता. येत्या शनिवारी. माझी आजी नगरची, लहानपणी मिशनच्या बोर्डिंगमध्ये होती. तिथे एक अमेरिकन मडम होत्या, मुलींना शिवण शिकवायच्या, आजारी पडलं की उशाशी बसायच्या. एक दिवस सकाळी प्रार्थनेला दुसरीच बाई उभी. मडम रात्रीच्या गाडीने मुंबईला गेल्या होत्या, तिथून बोटीने मायदेशी. मुली रडतील म्हणून कोणाला सांगितलंच नव्हतं. आजी ऐंशीची झाली तरी हे सांगताना तिचा आवाज बदलायचा, म्हणायची, अगं आम्हाला रडू तरी द्यायचं होतं. आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही खरं तर, १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले तेव्हापासून आपल्याकडे लोक येत राहिले आणि जात राहिले, आणि आपण कायम मागे राहणाऱ्यांच्या बाजूला उभे होतो. आता जाणारे आपण आहोत एवढाच फरक आहे.

आजीमुळे मी लवकर सांगितलं. २०२४ चा ईस्टर ३१ मार्चला होता, त्याच्या पुढच्या शनिवारी. आमच्याकडे सोळा वर्षांचा एक मुलगा ड्रम वाजवायचा, त्याने ऐकलं, काठ्या ड्रमवर ठेवल्या आणि उठून गेला. तीन आठवडे आला नाही. मला वाटलं संपलं, मी घाई केली. पण विचार करा, मी ऑगस्टमध्ये सांगितलं असतं तर ते तीन आठवडे त्याला मिळालेच नसते. रागवायला पण वेळ लागतो माणसाला. मुलं रागावली, अबोला धरला, तर समजावायला मागे धावू नका. दार उघडं ठेवा, बस.

मग एप्रिलच्या शेवटी मथारे नदीला पूर आला. माझ्याकडे तोपर्यंत शेवटच्या चार महिन्यांचा मोठा प्लॅन होता, कॉम्प्युटर क्लास सुरू करायचा, त्याचं प्रपोजल अर्धं लिहून झालं होतं, आपल्या नावाने काहीतरी मागे उरावं असं मनात होतं, ते आज कबूल करते. एका रात्रीत नदीकाठची पत्र्याची घरं गेली, माणसं गेली, आणि नंतर सरकारने काठावरची उरलेली घरं पण पाडायला घेतली. आमच्या हॉलमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं राहायला आली आणि त्यात तो ड्रमवाला मुलगा, त्याची आई, दोन बहिणी. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, आत शाळेची सर्टिफिकेटं आणि जन्मदाखला, सगळा लगदा व्हायच्या बेतात.

मी २६ जुलै २००५ ला आठ वर्षांची होते. मिठी नदीचं पाणी आमच्या चाळीत छातीपर्यंत आलं होतं, आणि पाणी उतरल्यावर आईने पहिलं काम काय केलं असेल तर रेशनकार्डाची पानं एकेक करून सुटी केली, सुती कपड्यात दाबली आणि मंद आचेवर तवा उलटा टाकून त्यावर शेकली, भाकरी शेकतात तशी, सतत हात फिरवत. मी तेच केलं. तिथे कोळशाची शेगडी असते, जिको म्हणतात, त्यावर पातेल्याचं झाकण उलटं ठेवलं आणि मी आणि तो मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत कागद शेकत बसलो. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला, ते पण काय तर, सिस्टर, हा कोपरा करपतोय. दोन वर्षांत मी जेवढे म्हणून बायबल स्टडी घेतले त्या सगळ्यांपेक्षा मला ती रात्र जास्त आठवते. कॉम्प्युटर क्लासचं प्रपोजल नंतर कधी उघडलंच नाही. तर तुम्हाला सांगते, शेवटच्या महिन्यांत नवीन काही काढू नका. तुम्ही गेल्यावर ते चालवायचं ओझं कोणाच्या तरी डोक्यावर बसतं, आणि नाही चाललं तर अपराधीपणा त्यांना येतो, आपल्याला नाही.

आता मुख्य गोष्ट. किल्ली देऊन टाका, आणि दिल्यावर लगेच विमानात बसू नका, तिथेच राहा.

आमच्या हॉलमध्ये एक लोखंडी कपाट होतं. आत कीबोर्ड, दोन फुटबॉल, बायबलं, औषधांचा डबा आणि हजेरीचं रजिस्टर. किल्ली हिरव्या रिबिनीत माझ्या गळ्यात, दीड वर्ष. जूनच्या पहिल्या शनिवारी ती मी एका मुलीला दिली, बावीस वर्षांची, नर्सिंग शिकत होती. पैशांची वही पण दिली, सगळ्यांसमोर मोजून. स्वाहिलीत पण हिशोबाला हेसाबूच म्हणतात, त्यामुळे तो कार्यक्रम दोन्ही भाषांत एकदमच झाला. तिने पहिल्याच आठवड्यात मीटिंगची वेळ तीनवरून पाचवर नेली. मला आवडलं नाही, पाचनंतर लवकर अंधार पडतो, मुलींना घरी जायला उशीर होईल असं मी म्हणाले पण. ती म्हणाली, दुपारी मुली पाणी भरतात, कपडे धुतात, त्या तीनला येणारच कशा, आणि घरी सोडायला आम्ही चौघं चौघं मिळून जाऊ. पुढच्या शनिवारी नऊ नव्या मुली आल्या. दीड वर्ष मी प्रार्थना करत होते की मुली का येत नाहीत, आणि कारण घड्याळात होतं. खूप लागलं मला ते. पण मी तिथे होते म्हणून निदान बघायला तरी मिळालं, आणि तिला पण अडलं तर विचारायला कोणीतरी होतं. निघायच्या आदल्या दिवशी किल्ली दिली असती तर ती माझ्याच वेळेवर चालवत राहिली असती, सिस्टरची आठवण म्हणून.

त्याच महिन्यात तिकडे तरुणांचं आंदोलन पेटलं. नवीन करांचं बिल होतं, त्यात ब्रेडवर १६ टक्के व्हॅटचा प्रस्ताव होता, तो मागे घेतला पण तोवर पोरं रस्त्यावर उतरली होती. आमच्यातली पण जाणार होती. मी परदेशी, मला घराबाहेर पडू नका म्हणून निरोप, आणि मी त्यांना जाऊ नका म्हणावं की नाही यावर रात्रभर झोपले नाही. शेवटी म्हटलं नाही. देश त्यांचा, ब्रेड त्यांचा. २५ जूनला लोक संसदेत घुसले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. मी खोलीत फोन घेऊन बसलेले, कोणाला लावू तेच कळत नव्हतं. संध्याकाळी व्हॉट्सअपवर एक फोटो आला. रजिस्टरचं पान. किल्लीवाल्या मुलीने हॉल उघडला होता, रजिस्टर काढलं होतं आणि एकेकाचा पत्ता लागेल तशी नावापुढे बरोबरची खूण करत होती. दर अर्ध्या तासाने नवीन फोटो. एक्केचाळीस नावं. रात्री अकराला शेवटची खूण झाली ती ड्रमवाल्याच्या नावापुढे, अश्रुधुराने डोळे सुजलेले पण आला चालत. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी बिलावर सही करणार नाही म्हणून जाहीर केलं, पण आमच्या हॉलमध्ये त्या दिवशी कोणी आनंद वगैरे केला नाही, मेलेल्यांसाठी बसून प्रार्थना केली, आणि ती पण मी नाही चालवली. मी मागच्या बाकावर बसले होते. त्या बाकावर बसायची सवय तुम्ही आत्तापासून करा असं मला मनापासून वाटतं.

जुलैत नैरोबीत चांगलीच थंडी असते, शहर जवळपास १८०० मीटर उंचीवर आहे, तर आम्ही पाच जण ट्रेनने मोंबासाला गेलो. तिथे फ्रीअर टाऊनची जुनी घंटा आहे. १८७५ च्या सुमारास तिथे गुलामगिरीतून सोडवलेल्या लोकांची वस्ती उभी राहिली, गुलाम पकडणारे आले की घंटा वाजवायचे, आणि त्या वस्तीत काम करणारे काही जण आपल्या नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये वाढलेले, शिकलेले आफ्रिकन होते. लहानपणी जहाजांवरून सोडवून मुंबईला आणलेली मुलं ती. वर्षानुवर्षांनी परत आफ्रिकेला गेली, पण घर नेमकं कुठलं म्हणायचं त्यांनी? मी मुलांना हे सांगितलं तर किल्लीवाली म्हणाली, म्हणजे तुमच्याकडून इकडे लोक आधीपासूनच येतायत. मला फार बरं वाटलं त्या वाक्याने. काम माझ्याआधीही होतं.

सामान वाटण्याबद्दल. इथे मी चुकले. ब्लँकेट, जुना फोन, गिटार, मला जी मुलं जवळची वाटायची त्यांना हाताने देऊन टाकलं. शेवटच्या आठवड्यात त्यावरून दोन मुली एकमेकींशी बोलेनाशा झाल्या आणि ते मिटायच्या आत मी निघाले. सगळं चर्चच्या कमिटीकडे द्या, त्यांना ठरवू दे. फीचे पैसे पण नंतर पाठवणार असाल तर खजिनदाराकडे पाठवा, एकेकाच्या मोबाईलवर नको.

आणि परत येईन म्हणू नका. गेटवर एक सात वर्षांची मुलगी माझ्या हाताला धरून होती, रडत होती, मी म्हणून गेले की येईन मी पुढच्या सुट्टीत. ती प्रत्येक सुट्टीत भावाच्या फोनवरून विचारते. पौलाने इफिसच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचा निरोप घेतला तो भाग आहे ना, बायबलात, प्रेषितांची कृत्ये अध्याय २०, तो काढून वाचा, तो त्यांना सरळ सांगतो की आता भेट नाही, मग सगळे गळ्यात पडून रडतात आणि जहाजापर्यंत सोडायला जातात. तसं व्हायला हवं होतं माझंही. ड्रमवाला मात्र शेवटच्या रविवारी येऊन म्हणाला, पोले सिस्टर. पोले म्हणजे दुसऱ्याच्या दुःखात आपण जे म्हणतो ते, तुमच्याकडे लुगांडा भाषेत पण असंच काही असेल. जाणारी मी आणि सांत्वन तो माझं करत होता.

घरी आल्यावर मन लागतं का, हे पण विचारलंय तुम्ही. लगेच नाही लागत. मी आले तेव्हा गणपती आठवड्यावर होते, खाली गल्लीत ढोलताशाचा सराव, आणि पहिल्या रात्री मी झोपेतून उठून बसले, मला वाटलं हॉलमध्येच आहे. रविवारी साडेबारा वाजले की कळायचं, तिकडे दहा, आता गाणं सुरू झालं असेल. इथल्या चर्चमध्ये मला दहा मिनिटं साक्ष द्यायला, म्हणजे अनुभव सांगायला, उभं केलं, लोकांनी सिंह बघितले का विचारलं, प्रेमानेच विचारलं, पण माझ्याकडचं काहीच बाहेर पडलं नाही. मग आमच्या पाळकबाईंनी घरी बोलावलं, चहा ठेवला आणि म्हणाल्या, फोटो काढ, एकेकाचं नाव सांग, मला त्यांच्यासाठी प्रार्थना करायचीय. अडीच तास बसलो. त्या वहीत नावं लिहून घेत होत्या. त्या दिवसापासून हळूहळू बरं वाटायला लागलं. असं एक माणूस आत्ताच शोधून ठेवा घरी, निघायच्या आधी फोन करून सांगून ठेवा की आल्यावर मला दोन-तीन तास लागतील तुमचे.

एक व्यवहाराची गोष्ट, यलो फिव्हरच्या लसीचं कार्ड हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात नको. युगांडातून येणाऱ्यांकडे भारतात उतरल्यावर मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवू शकतात, आई बाहेर उभी असताना.

शनिवारी किती वाजता भेटता तुम्ही मुलांना ते कळवा. तिकडची वेळ अडीच तास मागे आहे, त्या वेळेला मी इथे कुर्ल्यात तुमच्यासाठी प्रार्थनेला बसेन.