पोरीला फिजिओ व्हायचंय आणि मला तिला मेंदूचा सर्जन करायचंय

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. चोपड्याकडे केळीची शेती, पोरगी बारावी सायन्सला, नीटची तयारी चालू, मागच्या पोळ्याला आबांना लकवा मारला आणि तेव्हापासून तुमच्या डोक्यात एकच की पोरीला मेंदूचा सर्जन करायचं, अन् ती म्हणते मला फिजिओथेरपी करायचीय. "एवढं शिकून मालीश करेल का ती, आते काय करू भाऊ?" असं लिहिलंय तुम्ही.

आधी एक घोळ मिटवू. जळगावला आबांना ज्यांनी बघितलं ते सर्जन नव्हतेच, न्यूरॉलॉजिस्ट होते, म्हणजे मेंदू अन् नसांच्या आजारांवर औषधं देणारे डॉक्टर, ते ऑपरेशन करत नाहीत. गाठ, डोक्याला मार, मेंदूत साचलेलं रक्त काढणं हे न्यूरोसर्जनचं काम. लकवा, फिट, अर्धशिशी, पार्किन्सनचा कंप, शुगरवाल्यांच्या पायाच्या मुंग्या, हे न्यूरॉलॉजिस्टचं, यातलं बहुतेक औषधावरच चालतं. फिटचंच बघा, आपल्याकडे अजून चप्पल हुंगवतात, पण दहातल्या सहा-सात पेशंटच्या फिट रोजच्या गोळ्यांनी थांबतात. आणि "फी घेतली अन् नुसतं बोलत बसले" म्हणता ना, ते बोलणं म्हणजेच तपासणी हो, कधी सुरू झालं, आधी हात गेला का वाचा गेली, यावरून निम्मं निदान तिथंच होतं.

आबांचंही तेच. लकवा दोन तऱ्हेचा, रक्ताची गुठळी अडकते नाहीतर नस फुटते, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात म्हणून आधी सीटी स्कॅन. गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, नस फुटली असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. आबांचं तोंड सकाळच्या चहाला वाकडं झालं, तुम्ही कबुतराचं रक्त लावणाऱ्याकडे नेलं आणि जळगावला पोचले दिवेलागणीला. टोमणा नाही मारत दादा, माझ्या मोठ्या काकांना आम्हीच असं नेलेलं, त्यांचा उजवा हात शेवटपर्यंत उचलला नाही.

आता पोरीचं. न्यूरॉलॉजिस्ट व्हायला एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच वर्ष, मग एमडी मेडिसिन तीन, मग डीएम न्यूरॉलॉजी तीन, म्हणजे एकदाही न अडकता साडेअकरा, आणि प्रत्येक पायरीला नवी नीट. सर्जनचंही साधारण तेवढंच, एमएस करून एमसीएच. मार्क आले तर एमबीबीएसला धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी कॉलेज आहेत, घराजवळ होईल. पण तिचं मन नसताना बारा वर्ष ढकलणं, मी तरी सांगणार नाही.

कारण तुमच्याच पत्रात एक ओळ आहे जी तुम्ही सहज लिहून गेलात, ती रोज संध्याकाळी आबांकडून सदऱ्याची बटणं लावून घेते, स्वतः लावून देत नाही, आबा चिडतात तरी. अहो यालाच तर न्यूरो फिजिओ म्हणतात! मेंदूचा मेलेला भाग परत जिवंत होत नाही, उरलेला भाग ते काम नव्यानं शिकतो, आणि ते शिकवायला एकच हालचाल शेकडो वेळा पेशंटकडूनच करून घ्यावी लागते. मालीशनं ते होत नाही. डॉक्टर पहिल्या काही तासांत जे वाचवतात ते वापरायला पुढचे महिने हीच माणसं शिकवतात, आणि आपल्या तालुक्यांत ती शोधावी लागतात.

बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीचा पदवी कोर्स, इंटर्नशिप धरून साडेचार ते पाच वर्षांचा, आपल्या महाराष्ट्रात अ‍ॅडमिशन नीटच्याच मार्कांवर, त्यामुळे तयारी वाया जात नाही, पुढे मास्टर्सला न्यूरो घेता येतं. सुरवातीला पगार कमीच असतो, हे तिला आत्ताच सांगा. बोलणं गेलेल्या, गिळता न येणाऱ्या पेशंटसाठी स्पीच थेरपी असते, तिची पदवी बीएएसएलपी, तेही तिला दाखवा. नीट झाली की चार दिवस जळगावच्या एखाद्या फिजिओ सेंटरला विचारून बसवा तिला, तुम्हीही एक दिवस बसा.

आणि दादा, अगदी खाली लिहिलंय की आता बरं वाटतं म्हणून आबांची बीपीची गोळी महिन्यापासून बंद आहे. करिअरचं नंतर बोलू, आधी आजच डॉक्टरांना फोन लावा.