आजारासोबत जगताना मला माझ्याबद्दल काय कळलं?

तुम्ही विचारलंय की नुकतंच एका दीर्घ आजाराचं निदान झालं आहे, आणि जो तो म्हणतो की आजारपणात माणसाला स्वतःची ओळख होते. तर ते खरं का, आणि नेमकं काय कळतं?

मी चंद्रपूर जिल्ह्यातली. मला जन्मापासून सिकलसेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार. माझा एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडूनही त्याचं जनुक आलेलं. आमच्या भागात हा आजार नवा नाही. आईबाबा दोघंही एएस, म्हणजे वाहक. दोघांनाही कधी काही त्रास झाला नाही, त्यामुळे माझी तपासणी होईपर्यंत घरात कुणाला पत्ताच नव्हता. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. ती माझ्या वाट्याला आली. आईला बरीच वर्षं वाटायचं की गरोदरपणात तिचंच काहीतरी चुकलं. तसं काही नाही, हे तिला पटवायलाच मला मोठं व्हावं लागलं.

आजार माणसाला शहाणा करतो, हे मला पटत नाही. दुखण्याने माणूस चिडतो, शाळा बुडते, घरचा पैसा जातो. पण एक गोष्ट मी या आजारात शिकले. माझ्या शरीराबद्दल मी जे सांगते ते खरं मानायचं, आणि सगळ्यात आधी ते मी मानायचं.

साधं वाटतं ना? नाही हो. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, आमची १० ते २०. म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे पिवळट. लहानपणी मला कावीळ उतरवणाऱ्याकडेही नेऊन आणलं होतं. या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडं आतून ठणकायला लागतात. थंडी, ताप, पाणी कमी पडणं, अंगाबाहेरचं काम, काहीही निमित्त पुरतं. आणि बाहेरून बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. जखम नाही, प्लास्टर नाही. मग शाळेत ‘नाटकं करते’, नातेवाइकांत ‘परवा तर लग्नात चांगली फिरत होतीस’. लहानपणापासून हेच ऐकल्यावर आपलं दुखणं आपल्यालाच खोटं वाटायला लागतं. मला तसं वाटायचं. कंबर ठणकत असायची आणि मी मनात म्हणायचे, खरंच एवढं दुखतंय का?

एकदा रात्री दवाखान्यात नेलं. सिस्टरने विचारलं, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? मी म्हटलं, आठ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओरडत नव्हते, रडत नव्हते, खाटेची कड धरून गप्प बसले होते. त्या म्हणाल्या, ‘चेहऱ्यावर तर काही दिसत नाही.’ ज्याला वर्षानुवर्षं दुखतं तो ओरडत नाही, श्वास सांभाळत बसतो, हे त्यांना कुणी शिकवलं नसेल. पण त्या रात्री मी आकडा कमी केला नाही. पुन्हा म्हटलं, ‘आठच. माझा एसएस पॅटर्न आहे. हिमोग्लोबिन एरवी आठच्या आसपास असतं, आज किती आहे ते बघा. दुखणं दुपारी कमरेत उठलं, आता मांड्यांत उतरलंय, घरची गोळी घेऊन फरक नाही.’ सलाईन लागलं, इंजेक्शन मिळालं. तोवर मी स्वतःला भित्री समजत होते.

तेव्हापासून मी माझं शरीर नीट ओळखायला लागले. नुसता थकवा कोणता आणि क्रायसिसच्या, म्हणजे दुखण्याच्या झटक्याच्या, आधीचा जडपणा कोणता, हे मला आता बरंच आधी कळतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात पाण्याची बाटली हातातून सुटत नाही. झटके कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल आणि फॉलिक अ‍ॅसिड चुकवत नाही, मधूनमधून रक्त तपासून घेते. ऑफिसात ‘आज जमणार नाही’ म्हणताना आता लांबलचक कारणं देत नाही.

लग्नाच्या वेळीही हेच कामी आलं. मावशी म्हणाली, आधी ठरू दे, मग सांगू. मी पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि मुलाची तपासणीही मागितली. तोही एएस निघाला असता तर आमच्या प्रत्येक बाळाला एसएस होण्याची शक्यता दोनात एक झाली असती. दोन स्थळांनी त्यानंतर फोन केला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण लपवून संसार करणं मला झेपणार नाही, हे तेव्हा लख्ख कळलं. आताचा नवरा तपासणी करून रिपोर्ट स्वतः घेऊन आला होता.

अजून एक कळलं, आणि ते फार आवडलं नाही: मला मदत घेता येत नाही. कुणी डबा आणला की मी लगेच त्याची परतफेड शोधायला लागते. ही सवय अजून गेलेली नाही.

तुमचा आजार कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. तरी एक करा. एका कागदावर आजाराचं नाव, रक्तगट, चालू औषधं, एरवीचे तपासणीचे आकडे आणि तुमचं दुखणं साधारण कसं सुरू होतं ते लिहा. प्लास्टिकच्या पाकिटात घालून तो कायम जवळ ठेवा, घरच्यांनाही दाखवून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलियासुद्धा. तुमचा आजार त्यात असेल तर जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्राची चौकशी करा, लाजू नका. आणि डॉक्टरांनी विचारलं की किती दुखतंय, तर जेवढं दुखतंय तेवढंच सांगा.